नाभीखालचा प्रहार

लो किक ही कराटेतली सर्वांत कमी देखणी लाथ. कानशिलापर्यंत चढणाऱ्या लाथेची पोस्टरं निघतात, सिनेमात तिच्यासाठी कॅमेरा मंद होतो. मांडीवर बसणारी ही लाथ कमरेच्या वर येतच नाही. आवाज होतो तो ओल्या कपड्यावर धोपाटणं बसल्यासारखा. समोरचा खेळाडू जागचा हलत नाही, तोंड वाकडं करत नाही, आणि नवखा प्रेक्षक विचारतो, ‘बसली, पण झालं काय?’ झालेलं पुष्कळ असतं. ते दिसायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा धीर असणाऱ्यालाच या लाथेची गोडी कळते.

मुखेड-लोह्याकडच्या माणसाला असा धीर नवा नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दंगल बघायला बसलेला जाणता म्हातारा खडाखडी चालू असताना पैलवानांच्या तोंडाकडे बघत नाही. कुणाचा पाय पुढे आहे, भार टाचेवर की चवड्यावर, पट कुठल्या बाजूनं निघेल, यावर त्याचे डोळे असतात. बाकीची गर्दी ‘धर, धर’ म्हणून ओरडते तेव्हा तो गप्प असतो, आणि गर्दी गप्प होते त्या क्षणी ‘गेला’ असं पुटपुटतो. मी कराटेचा पट्टा कधी बांधलेला नाही. ही लाथ वाचायला शिकलो ते आखाड्याच्या कडेला बसून कमावलेल्या नजरेनं. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कराटेपटूचं नव्हे, बघ्याचं रसग्रहण आहे.

कमरेखालच्या प्रहाराची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट महाभारतातली. गदायुद्धात नाभीच्या खाली मारायचं नाही, असा दंडक. भीम आणि दुर्योधन यांची जोड तोडीस तोड. गदेच्या कौशल्यात दुर्योधन कांकणभर सरसच. कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुन आपल्या मांडीवर थाप मारतो, भीमाला खूण कळते, आणि दुर्योधनाच्या मांड्या फुटतात. बलराम नांगर उचलून धावतो, कारण त्याच्या डोळ्यांदेखत नियम मोडलेला असतो. भासानं याच प्रसंगावर ‘ऊरुभंग’ लिहिलं. कथेतल्या पापपुण्याचा निवाडा राहू द्या. माझं लक्ष त्या दंडकाकडे जातं. डोकं, छाती, बरगड्या हे सगळं खुलं ठेवून नियम करणाऱ्यानं मांडी मात्र झाकली. मांडी गेली की उभं राहणं गेलं, आणि उभं राहणं गेलं की बाकीचं सगळं कौशल्य शाबूत असूनही फुकट, हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

अशी रेघ प्रत्येक द्वंद्वखेळ कुठेतरी ओढतोच. बॉक्सिंगमध्ये ती कमरपट्ट्यावर आहे. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नाही. तिथे पट हा डावच उरत नाही. फ्रीस्टाइलमध्ये पाय मोकळा. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पाय धरायची मोकळीक असलेल्या कुस्तीत. माती सोडून गादीवर आलेल्या आपल्या पैलवानाला ग्रीको-रोमन परकी वाटते ती याच रेघेमुळे. कराटेतल्या लो किकचा इतिहासही माझ्या मते या रेघेचाच इतिहास आहे. ती पुसली कुणी आणि पुन्हा ओढली कुठे, एवढं कळलं की लाथ आपोआप उलगडते.

मुळात ओकिनावाच्या जुन्या कराटेला कमरेखाली मारायचं वावडं नव्हतं. उलट तिथल्या लाथा खालच्याच होत्या: जांघेत, पोटरीवर, पावलावर, आणि गुडघ्याच्या सांध्यावर पावलाच्या कडेनं दाबून मारायची ‘कान्सेत्सु गेरी’. पण या लाथा सरळ जाणाऱ्या. बाजूनं वळसा घेऊन येणारी गोल लाथ, जिला ‘मावाशी गेरी’ म्हणतात, ती जुन्या कातांमध्ये, म्हणजे ठरावीक हालचालींच्या बांधीव क्रमांमध्ये, जवळजवळ सापडतच नाही. ती विसाव्या शतकातली, जपानच्या मुख्य भूमीवर वाढलेली. तिच्या घडणीचं श्रेय बरेच जण गिचिन फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका यांना देतात. गंमत अशी की लाथ खाली होती तेव्हा सरळ होती, आणि गोल झाली तेव्हा वर गेली. या दोन गुणांची गाठ पडायला अजून अवकाश होता. तो काळ मला फार लोभस वाटतो. रागाचे सगळे स्वर हाताशी आहेत आणि बंदिश अजून कुणी बांधलेली नाही.

मग स्पर्धा आल्या. जपान कराटे असोसिएशननं १९५७ मध्ये पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली, त्यात प्रहार अंगाला लागण्याआधी थांबवायचा असा नियम होता. या नियमानं कराटेला शिस्त आणि वेग दिला, यात वाद नाही. पण त्यात मांडीवरच्या लाथेला जागाच राहिली नाही. कानशिलापासून बोटभर अंतरावर थांबलेली लाथ बघणाऱ्याला पुढचं सगळं सांगून जाते. मांडीपासून बोटभर अंतरावर थांबलेली लाथ काहीच सांगत नाही. डोक्याचा प्रहार सुचवता येतो, मांडीचा भोगावाच लागतो. म्हणून न लागणाऱ्या कराटेत लो किक जन्मालाच येऊ शकत नव्हती. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर जे कराटेचे वर्ग चालतात ते बहुतेक याच परंपरेतले, त्यामुळे पांढऱ्या गणवेशातल्या पोरांना कमरेखाली मारणं म्हणजे फाउल एवढंच ठाऊक असतं.

ती रेघ पुसायचं काम मासुतात्सु ओयामा यांच्या आखाड्यात झालं. कोरियात जन्मलेला, शोतोकान आणि गोजू-र्यू अशा दोन घरचं शिकलेला हा माणूस तोक्योत १९५० च्या दशकात आपला दोजो, म्हणजे कराटेचा आखाडा, चालवू लागला. १९६४ मध्ये इकेबुकुरो भागात त्यांच्या क्योकुशिन संस्थेचं मुख्यालय उभं राहिलं. तिथे मारलेलं लागत असे. दातांची, बरगड्यांची किंमत मोजून शिष्य शिकत. तरीही सुरुवातीच्या क्योकुशिनची ओळख मांडीवरची लाथ ही नव्हती. ठोसा, सरळ लाथ, विटा-फळ्या फोडणं यांचाच तिथे बोलबाला होता.

वळण आलं त्याच १९६४ च्या फेब्रुवारीत, बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये. ओयामांचे तिघे, केंजी कुरोसाकी, तादाशी नाकामुरा आणि आकिओ फुजिहिरा, थाई मुष्टियोद्ध्यांशी त्यांच्याच रिंगणात लढायला गेले. दोघे जिंकले. हरले ते कुरोसाकी, तिघांतले वडीलधारे. रावी देचाचाई या थाई योद्ध्याच्या कोपरानं त्यांना आडवं केलं. हिशेब दोन-एक असा जपानच्या बाजूनं लागला आणि घरी जल्लोषही झाला असेल, पण पुढचा इतिहास घडवला तो हरलेल्या माणसानं. जिंकणारा आपलं तेच खरं म्हणत परत येतो, हरणारा समोरच्याचं काय खरं होतं ते घेऊन येतो. आखाड्यात वस्ताद पोराला मुद्दाम वजनदार जोडीदाराशी भिडवतात ते याच हिशेबानं.

कुरोसाकींनी तिथे पाहिलेली लाथ जपानी गोल लाथेहून मुळातच वेगळी होती. जपानी लाथेत आधी गुडघा वर येतो, मग गुडघ्यापासून खालचा पाय झटक्यात सुटतो आणि तितक्याच झटक्यात परत येतो. लागतो तो पायाचा पंजा किंवा चवडा. वेग डोळे दिपवणारा, पण मार वरवरचा. थाई लाथेत गुडघा असा उघडझाप करत नाही. कंबर वळते, तिच्यामागे अख्खा पाय एकसंध फिरत येतो, लागतं ते नडगीचं हाड, आणि लागल्यावर पाय परतायची घाई करत नाही. समोरच्याच्या अंगातून पलीकडे जायला निघतो. पहिली लाथ मारून निघून जाते. दुसरी मुक्कामाला येते. तोक्योला परतल्यावर कुरोसाकी या दुसऱ्या पद्धतीच्या मागे लागले. १९६६ मध्ये ओसामु नोगुची यांनी जपानात ‘किकबॉक्सिंग’ या नावानं जो व्यावसायिक खेळ सुरू केला, त्या रिंगणातही नडगीची लाथ रुजली. क्योकुशिनचे काही तरुण तिथे जाऊन लढू लागले आणि तिथलं हाड-मांस घेऊन आखाड्यात परतू लागले.

बहुतेक जण लो किकची जन्मकथा इथेच संपवतात: थायलंडची लाथ, जपाननं उचलली. मला ही गोष्ट अर्धीच वाटते. थाई रिंगणात मांडीवरची लाथ होती, पण ती अनेक शस्त्रांपैकी एक. तिथल्या पंचांना बरगडीवरची लाथ आणि गुडघा अधिक प्रिय. क्योकुशिनमध्ये मात्र ती अख्ख्या लढतीचा कणा झाली. हे का घडलं, याचं उत्तर बँकॉकमध्ये नाही. ते २० सप्टेंबर १९६९ रोजी तोक्योच्या महानगर व्यायामशाळेत भरलेल्या पहिल्या अखिल जपान खुल्या स्पर्धेच्या नियमांत आहे.

नियम असे. हातात हातमोजे नाहीत, अंगावर चिलखत नाही, मारलेलं पुरतं लागणार. उघड्या मुठीनं तोंडावर मारलं तर माणसं जायबंदी होतील, म्हणून हातानं चेहऱ्यावर मारायला बंदी. लाथ डोक्यावर चालेल. जांघ आणि गुडघ्याचा सांधा वर्ज्य. मांडी खुली. आता या यादीचा परिणाम बघा. दोन माणसांना एकमेकांपासून हातभर लांब ठेवतं ते चेहऱ्यावर येणाऱ्या ठोशाचं भय. ते भय काढलं की दोघे आपसूक जवळ सरकतात, छातीला छाती भिडायच्या बेतात येतात. इतक्या जवळून डोक्यावर लाथ घालायला फार लवचीक अंग लागतं, सरळ लाथेला जागाच उरत नाही. समोर काय उरतं? पोट, बरगड्या आणि मांडी. त्यातल्या पोट-बरगड्यांवर हातांची राखण आहे. मांडी उघडी, हातांच्या टप्प्याबाहेर. नियम करणाऱ्यांनी दात वाचवायला एक ओळ लिहिली आणि नकळत मांडीवर बोट ठेवलं. थायलंडनं नडगी दिली. मांडी दिली ती या नियमपुस्तिकेनं. दोन्ही एकत्र आल्यावर जी चीज तयार झाली तिला जपानी नाव मिळालं ‘गेदान मावाशी गेरी’. खालची आणि गोल, अखेर एकाच लाथेत.

या लाथेनं पहिला बळी घेतला तो खुद्द कराटेच्या उभं राहण्याच्या ढबीचा. कराटेची पाठ्यपुस्तकी बैठक, ‘झेनकुत्सु-दाची’, लांब आणि खोल: पुढचा गुडघा वाकलेला, अंगाचा बराच भार त्याच्यावर. चित्रात ती भक्कम दिसते. मांडीवर लाथ मारायची मुभा मिळाल्याबरोबर ती पुढे काढलेली, भारानं जखडलेली मांडी म्हणजे ताटात वाढून ठेवलेला घास झाली. काही वर्षांत क्योकुशिनचे खेळाडू आखूड, उभट पवित्र्यात आले. पाय खांद्याइतके दूर, पुढची टाच किंचित हलकी, क्षणात उचलता येईल अशी. जुन्या चित्रफिती क्रमानं पाहिल्या तर माणसं वर्षागणिक उंच होत गेल्यासारखी वाटतात. उंची तीच आहे, बैठक वर आली आहे. एका लाथेनं सगळ्या घराण्याची चाल बदलावी, ही तिची केवढी सत्ता.

आता लाथ स्वतःच पाहू, अगदी सावकाश. ती पायानं सुरू होत नाही. सुरू होते ती न मारणाऱ्या पायाच्या टाचेपासून. मारणारा आधी तो पाय थोडा तिरका, बाहेरच्या अंगाला टाकतो. एवढ्यानंच तो समोरच्याच्या ठोशाच्या रेषेतून बाजूला होतो आणि कंबर वळायला जागा मिळते. मग टाच आतल्या बाजूला फिरते. नवशिक्याची ही टाच फिरत नाही, म्हणून त्याची लाथ जोरात असूनही लागत नाही, आणि गुडघा मात्र त्याचाच दुखतो. टाचेमागून कंबर, कमरेमागून मांडी, सगळ्यात शेवटी नडगी. त्याच वेळी लाथेच्या बाजूचा हात खाली, मागे झटकला जातो आणि खांदे कमरेच्या उलट पिळतात. त्या हाताकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तो झटकला नाही तर लाथ मारणारा स्वतःच भोवऱ्यात सापडून पाठ दाखवतो. पट्टीचा खेळाडू आणि होतकरू यांतला फरक मला पायापेक्षा या रिकाम्या हातात आधी दिसतो.

आणखी एक बारकावा. ही लाथ जमिनीला समांतर येते असं वाटतं, पण उत्तम लो किक समांतर नसते. गुडघा आधी लक्ष्याच्या थोडा वर चढतो आणि नडगी वरून खाली, तिरकी उतरते. त्यानं दोन गोष्टी साधतात. वरून आलेल्या माराखाली समोरच्याचा पाय जमिनीत रोवला जातो. तो घसरून मार हलका करू शकत नाही. आणि गुडघा वर चढताना लाथ मांडीवर येणार, बरगडीवर येणार की डोक्यावर, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. एका चढणीवर तीन उतार, आणि कुठल्या उतारानं यायचं ते ठरतं अर्ध्या वाटेवर. उस्तादाची सम जशी सगळ्यांना माहीत असूनही चकवते, तसं हे चकवणं आहे.

लागते कुठे? गुडघ्याच्या वर वीतभर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला. तिथे मोठा, जाडजूड स्नायू आहे आणि त्याच्या आत मांडीचं हाड. बाहेरून नडगी, आतून ते हाड, आणि मध्ये स्नायू चेंगरतो. पहिल्या दोन-तीन लाथांना स्नायू सोसतो. मग आत रक्त साकळतं, स्नायू आखडतो, गुडघा वाकवायची इच्छाच मरते. वेदना हा इथला मुख्य भाग नाही. वेदना जिद्दीनं गिळता येते. पाय हुकूम ऐकेनासा होतो, आणि त्यावर जिद्दीचा इलाज चालत नाही. म्हणून लो किकनं हरलेल्या खेळाडूच्या चेहऱ्यावर यातनेपेक्षा आश्चर्य जास्त दिसतं. डोकं स्वच्छ आहे, छाती दमलेली नाही, आणि तरी माणूस खाली बसतोय. दुर्योधनाची गत याहून वेगळी नव्हती.

पण जागा माहीत असून भागत नाही, वेळ साधावी लागते. भार नसलेल्या पायावर मारलं तर तो पाय माराबरोबर वाहून जातो, अर्धा जोर हवेत विरतो. भार आहे त्या क्षणी मारलं तर तो कुठेही जाऊ शकत नाही. मुखेडच्या दशरथेश्वर मंदिरातली शिल्पं ज्यांनी निवांत पाहिली असतील त्यांना हे डोळ्यांनी कळेल: त्रिभंगात उभी मूर्ती कोणत्या पायावर तोलली आहे हे पायावरून नव्हे, कमरेच्या कलत्या रेषेवरून ओळखायचं असतं. लो किकचा जाणकार समोरच्याच्या पायाकडे बघतच नाही. त्याची नजर छातीवर, खांद्यावर. पायाचा भार तो वरूनच वाचतो.

वाचतो म्हणणंही अपुरं, कारण चांगला खेळाडू तो भार घडवून आणतो. इथे क्योकुशिनच्या ठोशांचं खरं काम कळतं. छातीवर, बरगडीखाली धडाधड ठोसे बसतात, आणि प्रेक्षकाला वाटतं, हेच युद्ध. ठोसा खाणारा मागे रेटला जाऊ नये म्हणून अंग पुढे कलतं करतो, पुढच्या पायावर रेलतो. त्याला वाटतं आपण जागा राखली. त्याच रेलण्यासाठी हे सगळं चाललेलं होतं; पुढच्या श्वासाला नडगी मांडीवर उतरते. आपल्या पैलवानाला हे समजावून सांगायला नको. मानेवर हात टाकून समोरच्याला खाली ओढायचं, तो ताठ व्हायला गेला की मोकळ्या झालेल्या पायाला पट काढायचा. वरचा हात खोटा, खालचा डाव खरा. फरक इतकाच की पटाचा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि लो किकची उधारी साठत जाते.

या उधारीचे सावकार म्हणून ज्यांचं नाव सगळे घेतात ते हात्सुओ रोयामा. कुरोसाकींच्या हाताखाली तयार झालेले. शिवाय केनिची सावाई यांच्याकडे त्यांनी ताइकिकेन ही चिनी मुळाची विद्या घेतली, जिच्यात गुडघे किंचित वाकवून, हात छातीसमोर गोलाकार धरून बराच वेळ नुसतं उभं राहायचा अभ्यास असतो. लाथेसाठी प्रसिद्ध माणसानं उभं राहण्याची तालीम करावी, याचं मला मोठं कौतुक वाटतं. लाथेचा जोर मारणाऱ्या पायात नसून उभ्या पायात असतो, हे इतकं नेमकं क्वचितच कुणी ओळखलं. रोयामा १९७३ ची अखिल जपान स्पर्धा जिंकले. १९७५ मध्ये तोक्योत पहिली जागतिक खुली स्पर्धा झाली, तिच्या अंतिम लढतीत ते कात्सुआकी सातो यांच्याकडून हरले. विजेतेपद सातोंचं, पण या लाथेची चर्चा निघाली की आजही पहिलं नाव उपविजेत्याचंच येतं.

बचावाकडे वळल्याशिवाय ही लाथ पुरी कळत नाही. सर्वांत सोपा बचाव म्हणजे पाय मागे घेणं, पण त्यात जागा जाते. धीट खेळाडू आत घुसतो. लाथेला फिरायला अंतरच ठेवत नाही, नडगीऐवजी मांडीच मांडीला लागते. सर्वांत रसिला बचाव म्हणजे पाय उचलून नडगी आडवी धरणं, ‘सुने-उके’. गुडघा थोडा बाहेर वळवायचा आणि येणाऱ्या नडगीला गुडघ्याखालच्या टणक हाडाची भेट घालून द्यायची. इथे मार खाणारा मारणारा होतो. २८ डिसेंबर २०१३ ला लास वेगासमध्ये अँडरसन सिल्वासारख्या मिश्र युद्धकलेतल्या (एमएमए) नामांकित लढवय्यानं क्रिस वाइडमनला अशीच लाथ मारली, वाइडमननं पाय उचलला, आणि सिल्वाच्या डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. ते दृश्य मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पण एक नोंद करायला हवी: वाइडमननं त्या क्षणी जोर म्हणून काहीच लावला नाही. त्यानं फक्त वेळ साधली.

आणि बचावातूनच या लाथेचं सर्वांत सुंदर अपत्य निघालं. मांडी सुजली की माणूस पुढच्या लाथेची वाट पाहू लागतो. समोरच्याची कंबर हलली रे हलली की याचा पाय आपोआप उचलला जातो, हात खाली येतात, मान उघडी पडते. मग तीच कंबर, तीच टाच, तीच चढण. फक्त उतार बदलतो आणि लाथ डोक्यावर पडते. ब्राझीलच्या खेळाडूंनी, फ्रान्सिस्को फिल्हो आणि विशेषतः ग्लॉबे फेइतोसा यांनी, ही गोष्ट पराकोटीला नेली. गुडघा खालच्या लाथेचा देखावा करत वर येतो आणि नडगी शेवटच्या क्षणी पालथी होऊन मानेवर उतरते. पोस्टरवर छापली जाते ती ही उंच लाथ. तिची कमाई आधीच्या खालच्या लाथांची असते, हे पोस्टर सांगत नाही.

क्योकुशिनच्या जागतिक खुल्या स्पर्धेत वजनगट नव्हते, हेही विसरू नये. १९९१ ची स्पर्धा जिंकणारे केंजी मिदोरी १६५ सेंटिमीटर उंचीचे होते. अशा आखाड्यात बुटक्या माणसाला धिप्पाड देहाशी बोलायला जी भाषा हवी ती मांडीपासूनच सुरू होते, कारण धिप्पाड माणसाचीही मांडी बुटक्याच्या हाताशीच, म्हणजे पायाशीच, असते.

बाहेरच्या जगात ही लाथ पसरली तिचा प्रवास थोडक्यात सांगतो. कुरोसाकींनी १९६९ मध्ये मेजिरो जिम काढलं. त्यांचे शिष्य तोशिओ फुजिवारा १९७८ मध्ये बँकॉकच्या राजदामनर्न स्टेडियमचं विजेतेपद मिळवणारे पहिले बिगरथाई योद्धे ठरले. हरलेल्या माणसानं चौदा वर्षांनी केलेली ही परतफेड. मेजिरोचीच शाखा यान प्लास यांनी ॲमस्टरडॅमला नेली, आणि तिथून रॉब कामान यांच्यासारखे लो किकसाठी ओळखले जाणारे डच लढवय्ये निघाले. अमेरिकेत मात्र १९७० च्या दशकात फुल-कॉन्टॅक्ट कराटेचा जो व्यावसायिक खेळ उभा राहिला त्यानं रेघ पुन्हा कमरेवर ओढली; लाथ कमरेच्या वरच. त्याचं काय झालं ते १९८८ मध्ये लास वेगासला दिसलं. रिक रूफस हा त्यांचा चपळ, जबरदस्त विजेता. समोर थायलंडचा चांगपुएक कियात्सोंगरित, आणि त्या रात्रीपुरती मांडी खुली. पहिल्याच फेरीत रूफसनं चांगपुएकचा जबडा मोडला. जबडा मोडलेला माणूस मांडीवर लाथा घालत राहिला, आणि अखेर स्ट्रेचरवरून गेला तो रूफस. कौशल्यात तो उणा नव्हता. ज्या दिशेनं कुणी मारत नाही तिकडे बघायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

हल्ली मिश्र युद्धकलेत मांडीऐवजी पोटरीवर मारायची टूम आहे. ती लवकर परिणाम करते, शिकायलाही सोपी. मला ती तेवढी रुचत नाही. पोटरीवरच्या लाथेत मारणारा लांबूनच काम उरकतो. ठोशांनी भार घडवणं, रेलायला लावणं, तीन उतारांचा संभ्रम, या सगळ्याची तिला गरज पडत नाही. निकाल मिळतो, बढत मिळत नाही.

गावोगावच्या कराटे शिक्षकांना एक विनंती. शिकवायची तर ही लाथ पॅडवर शिकवा, आणि मारण्याआधी नडगी आडवी धरायला शिकवा. वाढत्या वयाच्या पोरांच्या मांड्यांवर तिचा सराव नको. आणि वाचकांसाठी: १९७५ च्या जागतिक स्पर्धेवर पुढच्याच वर्षी ‘द स्ट्राँगेस्ट कराटे’ नावाचा जपानी माहितीपट निघाला. तो मिळाला तर रोयामांच्या लढती आवाज बंद करून पाहा. टाळ्यांच्या भरवशावर बसलात तर निम्म्या लाथा निसटतील.